अंगकोरची जांभ्याची भिंत आणि आमचा सडा

कातळवाट
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं घर राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या अलीकडे. वडिलांची चिरेखाण होती, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण. मी नववीत असेपर्यंत चालली, मग बंद झाली. त्यामुळे माझं लहानपण लाल धुळीत गेलं. वह्यांच्या कडा लाल, दोरीवरचे कपडे लाल, आईच्या अबोलीची पानंसुद्धा लाल. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

2023 च्या डिसेंबरात नोकरी बदलताना मधे महिनाभर मोकळा मिळाला. पाठीवर नऊ किलोची सॅक घेऊन एकटीच निघाले. थायलंड, कंबोडिया, लाओस, एकूण 24 दिवस. त्यातले सात दिवस कंबोडियातल्या सिएम रीपला काढले, फक्त अंगकोरच्या जुन्या देवळांसाठी. बँकॉकच्या हॉस्टेलात भेटलेली मुलं म्हणत होती, एक दिवस पुरे, देवळं बघून बघून कंटाळशील. मी सात दिवसांचा पास काढला आणि आठव्या दिवशी निघताना मन मागेच राहिलं.

पहिल्या दिवशी भाड्याची सायकल घेतली. सूर्योदयाच्या गर्दीत शिरायचं नव्हतं म्हणून अंगकोर वाट मागे टाकून सरळ अंगकोर थॉम या जुन्या तटबंद नगरीच्या दक्षिण दरवाजाशी गेले. तिथे खंदकावरच्या पुलाला दोन्ही बाजूंना कठडा म्हणून 54 देव आणि 54 असुर नाग धरून बसलेत. सगळे त्यांचेच फोटो काढत होते. दरवाजातून गाड्या जात होत्या, मला जरा सावली हवी होती, म्हणून सायकल बाजूला घेतली आणि तटाला हात टेकला.

हात टेकल्याबरोबर कळलं. जांभा!

डोळ्यांआधी तळव्याला कळलं, खरंच सांगते. तीच भोकं, त्या भोकांत तीच पिवळसर माती, बोट फिरवलं की तीच खरखर. ऊन लागतं तिथे काळपट, ओल असते तिथे शेवाळ धरलेलं. आमच्या पडवीची भिंत उन्हाळ्यात दिसते अगदी तशी. अंगकोर थॉमचा हा तट आठेक मीटर उंच, एकेक बाजू तीन किलोमीटरची, म्हणजे 12 किलोमीटर जांभा! मधे चुना नाही, माती नाही. चिरे सगळे एका मापाचे नाहीत. एखाद्याचा कोपरा मुद्दाम कापून दुसरा त्यात बसवलाय. आमच्याकडे गडगा रचणारे लोक दगड हातात फिरवून फिरवून जागा शोधतात, तेच काम इथे राजाच्या हुकमावरून झालेलं. तटावरून कोपऱ्यापर्यंत झाडीतली पायवाट जाते. मी सायकल ढकलत गेले. अर्धा तास एकही माणूस भेटला नाही.

मग पुढचे दिवस मी देवळं बघताना आधी खाली बघायला लागले. अंगकोरला पाया, तट, जोती, तळ्यांचे काठ, रस्त्यांचे पूल यांत जांभा भरपूर आहे. जिथे नक्षी करायची तिथे वर वालुकाश्म. तो 40 एक किलोमीटरवरच्या कुलेन डोंगरातून कालव्यांनी आणला. त्याच्या ठोकळ्यांना बोट जाईल एवढी गोल भोकं आहेत, उचलायला खुंट्या घालायची. 953 च्या सुमाराचं पूर्व मेबोन आणि 961 चं प्री रूप या दोन देवळांत विटा आणि जांभा उघडेच दिसतात. संध्याकाळच्या उन्हात ती देवळं पेटल्यासारखी लाल होतात.

अंगकोर वाटबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तरी एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या सूर्यवर्म्याने 12 व्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेलं देऊळ, तोंड पश्चिमेला. खालच्या सज्जातली शिल्पं देऊळ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट, अपसव्य क्रमाने बघायची असतात. पश्चिमेच्या भिंतीवर कुरुक्षेत्र, त्यात बाणांवर पडलेले भीष्म. दक्षिणेला यम, चित्रगुप्त, स्वर्ग आणि नरक. आणि पूर्वेला समुद्रमंथन, जवळजवळ 49 मीटर लांब, 92 असुर आणि 88 देव. सूर्योदय बघून लोक नाश्त्याला पांगले की साडेसातच्या सुमाराला इथे पूर्वेचं ऊन तिरपं येतं.

वरचे देव-असुर बघून झाले की वाकून तळाला बघा. तिथे समुद्र कोरलाय. कडेला मासे, मगरी, कासवं नीट पोहताहेत. जसजसं मंदार पर्वताकडे, मधोमध यावं तसतसे मासे दाटत जातात, वेडेवाकडे होतात, आणि अगदी रवीजवळ त्यांचे तुकडे झालेत. धड एकीकडे, शेपटी एकीकडे. दशावतारात, कीर्तनात मंथन किती वेळा ऐकलंय, पण समुद्र घुसळला तर माशांचं काय होईल हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो कारागीर पाण्याजवळ राहणारा असणार. मी त्या तीन-चार फुटांसमोर तासभर बसले.

बाफुऑनचं देऊळ आणि क्बाल स्पीअनची कोरलेली नदी यांबद्दल वेगळं लिहिते, आता आई जेवायला हाक मारतेय.

पाठपिशवी
ताई, भारी सुरुवात. मी चिपळूणचा, सध्या शिकायला मुंबईत. फेब्रुवारीत जायचा विचार आहे. पासाचं, खर्चाचं जरा सविस्तर सांगा ना. आणि बँकॉकहून बसने जाता येतं का?

गुहागरआजी
फार सुंदर लिहिलं आहेस गं. माझं वय 64, गुडघे बरे आहेत पण फार नाही. मुलगा नेतो म्हणतोय. जिने चढणं कितपत आहे?

कातळवाट
पाठपिशवी, पास एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीनवाला दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, सातवाला महिनाभरात कुठलेही सात. दोन्ही आकड्यांतला फरक बघ आणि सात घे. पासवर फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही, जपून ठेव, दारोदार तपासतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. तिथे डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, डॉलरला साधारण चार हजार रिएल. पण नोट जरा फाटलेली असेल तर कुणी घेत नाही, मुंबईतून घेतानाच एकेक नोट उजेडात धरून बघ. माझा खर्च म्हणशील तर हॉस्टेलची खाट सहा डॉलर, सायकल दिवसाला दोन. देवळांची छोटी फेरी 17 किलोमीटर, मोठी 26. सपाट रस्ता, झाडी. आपल्या घाटरस्त्यांवर सायकल मारलेल्याला काहीच नाही, फक्त उकाडा लक्षात ठेव. अकरा ते तीन मी झोपायचे.

बँकॉकहून मी बसने गेले आणि फसले. एका खासगी बसवाल्याने सीमेच्या अलीकडे एका खोलीत उतरवून व्हिसा इथेच काढावा लागतो म्हणून जास्तीचे पैसे घेतले. माझ्याकडे ई-व्हिसा आधीच होता, तरी कागद तपासायचे म्हणून घेतलेच. एकटी होते, अंधार पडत होता, भांडले नाही. अजून वाईट वाटतं.

काकू, खालचे सज्जे सगळे सपाट आहेत, उंबरे तेवढे उंच. सगळ्यात वरच्या मजल्याचा मूळ दगडी जिना छाती दडपेल असा उभा आहे, पण त्यावर लाकडी जिना आणि कठडा केलाय. तो नाही चढलात तरी शिल्पं सगळी खालीच आहेत. बांते स्राय मात्र चुकवू नका. 967 चं छोटंसं देऊळ, गुलाबी दगडाचं, सगळं डोळ्यांच्या उंचीवर, आणि नक्षी इतकी खोल आणि बारीक की चंदनाच्या खोडावर काम केल्यासारखं वाटतं. वाटेत बायका रस्त्याकडेला ताडाचा रस आटवून गूळ करत असतात, ताज्या पानात बांधून देतात.

ओणीकर
पाठपिशवी, थायलंड-कंबोडिया सीमेवर 2025 च्या जूनपासून जमिनीवरची नाकी बंद झाली, जुलैत तर गोळीबारच झाला. निघायच्या आठवड्यात ताजी बातमी बघ. विमानाने किंवा व्हिएतनामच्या बाजूने जाणं शहाणपणाचं. सिएम रीपचा नवा विमानतळ 2023 मध्ये झाला, तो गावापासून तासाभरावर आहे. विमानाने जाणाऱ्यांनी ई-अरायव्हलचा अर्जही आधी भरायचा.

आता धाग्याबद्दल. मला वाटतं तुम्ही एक गोष्ट ठासून सांगायला हवी होती. ही आपली देवळं आहेत. आपल्या लोकांनी तिथे जाऊन बांधली. विष्णू आपला, महाभारत आपलं, शिलालेख संस्कृतात.

कातळवाट
ओणीकर, सीमेची माहिती दिलीत ते फार बरं झालं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. भारतातून कुणी सैन्य घेऊन जाऊन तो मुलूख जिंकला नव्हता. राजे ख्मेर, म्हणजे तिथलेच लोक, कारागीर ख्मेर, भात पिकवून त्या कारागिरांना पोसणारे ख्मेर. व्यापारी आणि पंडितांबरोबर देव, भाषा, लिपी गेली, त्यांनी ती घेतली आणि आपल्या पद्धतीने वाढवली. संस्कृतबरोबरच ख्मेर भाषेतले शिलालेख आहेत, आणि कुणाला किती तांदूळ द्यायचा, कुठल्या सेवेला किती माणसं, हा रोजचा व्यवहार ख्मेरमध्येच लिहिलाय. मला तिथे आपलेपण वाटलं ते शकामुळे. त्यांच्या शिलालेखांत वर्षं शकात मोजलेली आहेत. कंबोडियातल्याच सांबोरच्या एका शिलालेखात शक 605 असा आकडा आहे, त्यात शून्यासाठी ठिपका कोरलाय, जगातल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी एक. इ. स. 683. आमच्या घरी अजून पंचांगात शक बघूनच गुढी उभारतात. एवढं नातं मला पुरे आहे. त्यापुढे जाऊन आम्ही बांधलं म्हटलं, तर ज्यांनी बांधलं त्यांचं श्रेय काढून घेतल्यासारखं होतं.

ओणीकर
शकाचं ठाऊक नव्हतं. मान्य करतो, बांधलं हा शब्द मागे घेतो. पण आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काम केलंय हे तरी लिहा.

कातळवाट
हो, नक्की. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1986 ते 1993 अंगकोर वाटला काम केलं. देशात युद्ध पुरतं संपलेलं नव्हतं, भूसुरुंग पेरलेले होते, बाकीचे बहुतेक देश जायला तयार नव्हते, तेव्हा आपले लोक गेले. रसायनांनी दगड धुतले म्हणून टीकाही झाली, तीही खरी. पुढे ता प्रोमचं देऊळ त्यांच्याकडे आलं, तेच मुळ्यांनी वेढलेलं. तिथे झाड काढलं तर भिंत पडते आणि ठेवलं तरी पडते. जिथे दगड सावरलेत तिथे लोखंडी आधार, मुळांना टेकू. वडाच्या मुळात अडकलेली घुमटी आपल्या गावोगाव असते, म्हणून मला ते चित्र नवीन नव्हतं. टेकू देणारं कुणीतरी आहे, हे नवीन होतं.

मिस्त्रीबुवा
मी लांज्याचा. चाळीस वर्षं बांधकामं केली. जांभ्याबद्दल दोन शब्द लिहितो, तुम्ही जे पाहिलंत त्याचा उलगडा होईल.

जांभा खाणीत असतो तेव्हा ओला आणि मऊ असतो. आमच्या तरुणपणी मशीन नव्हती, टिकावाने काढायचो आणि तासून चौकोनी करायचो, तेव्हा तो मऊपणा हाताला कळायचा. काढला, उन्हावारा लागला, की आतलं लोह घट्ट होत जातं आणि दगड वर्षागणिक टणक होतो. म्हणून शहाणा माणूस चिरा काढल्याबरोबर बांधत नाही, एक पावसाळा खाऊ देतो. बाकी दगड पाऊस खाऊन झिजतात, जांभा आधी पावसातच पिकतो. जिथे भरपूर पाऊस आणि मग कडक ऊन, तिथेच हा दगड तयार होतो. कोकण, गोवा, केरळ आणि तुमचं कंबोडिया, हवा सारखी म्हणून दगड सारखा. त्याचं इंग्रजी नाव लॅटराइट हेसुद्धा आपल्याच किनाऱ्यावरून गेलंय. बुकानन नावाच्या साहेबाने 1807 मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड बघून, विटेसारखा कापतात म्हणून, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ते ठेवलं.

नक्षी वालुकाश्मावर का, तर जांभ्याला भोकं. नाक काढायला जावं तर तिथे भोक निघतं. भार मात्र तो चांगला घेतो. ख्मेर लोकांनी दगड बरोबर ओळखला होता. जोत्याला हा, तोंडावळ्याला तो.

एक विचारतो. कमानी कशा आहेत?

कातळवाट
बुवा, किती छान समजावलंत. कमानी आपल्यासारख्या पाचर बसवून केलेल्या नाहीत. एकेक थर आत सरकवत नेऊन वर मिळवलाय. त्यामुळे सज्जे अरुंद, आणि जांभ्याच्या पुलांना खांब जवळजवळ, मधला गाळा अगदी चिंचोळा. काम्पोंग क्देईला असा एक पूल आहे, आठशे वर्षांपूर्वीचा, पूर्ण जांभ्याचा. जड गाड्यांसाठी आता बाजूने दुसरा पूल केलाय, पण माणसं, सायकली, मोटरसायकली अजून त्यावरूनच जातात. मी तिथे उतरून खाली पाण्यापर्यंत गेले होते. एक काका खांबाशी म्हैस धूत होते.

शिरोड्याचो
बाय, लय बरा लिवलंस. माका एक सांग, थंय जेवणाचा काय केलंस? आमका माश्याशिवाय जमणा नाय.

कातळवाट
माशांची चंगळ आहे. आमोक म्हणून एक प्रकार, नारळाच्या रसात वाटण घालून मासा केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवतात. पहिला घास घेतला आणि आईची आठवण आली. आंबट कमी, गवती चहाचा वास जास्त. गोड्या पाण्याचा मासा असतो, टोन्ले साप या मोठ्या तळ्यातला. शाकाहारी असाल तर मात्र आधीच सांगा, माशाचा रस आणि प्राहोक म्हणजे आंबवलेले मासे भाजीतसुद्धा असतात.

आणि काजू! काम्पोंग थॉमच्या बाजूला मैलोन्‌मैल काजूच्या बागा. बसच्या खिडकीतून बघताना मी पावसच्या रस्त्याला आहे असंच वाटत होतं.

दाभोळखाडी
टोन्ले सापबद्दल अजून लिहा. ते तळं उलटं वाहतं असं ऐकलंय. आमचा धंदा मासेमारीचा, म्हणून विचारतो.

कातळवाट
दादा, तळं नाही, तळ्यातून निघणारी नदी उलटी वाहते. कोरड्या दिवसांत ती तळ्यातून मेकाँगकडे जाते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की पाणी मागे फिरून तळ्यात शिरतं आणि तळं चार-पाच पट पसरतं. काठची झाडं बुडतात, मासे त्या झाडांत अंडी घालतात. आपल्या खाडीला दिवसातून दोनदा भरती, तिथे वर्षातून एकदाच, पण ती महिनोन्‌महिने चढते. सगळं अंगकोर त्या माशावर आणि भातावर जगलं.

तुम्ही गेलात तर अंगकोर थॉममधल्या बायोन देवळाच्या दक्षिणेच्या भिंतीशी जरूर थांबा. सातव्या जयवर्म्या राजाने शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी केलेली जलयुद्धं तिथे कोरली आहेत. वर वल्ही मारणारे, खाली पाण्यात पडलेल्यांना ओढणारी मगर, आणि मधून झाडांतून पोहणारे मासे. झाडांत मासे कसे, असं मला आधी वाटलं होतं. टोन्ले साप बघून आल्यावर दुसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं. युद्धाच्या खालच्या पट्टीत रोजचं जगणं आहे, बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक. राजाच्या देवळात कोळणीला जागा आहे.

दाभोळखाडी
झाडांत मासे हे आम्हाला सांगावं लागत नाही. उधाणाला कांदळवनात काय शिरतं ते आम्ही बघतो. आता जायलाच हवं.

कातळवाट
राहिलेलं लिहिते. क्बाल स्पीअन आणि बाफुऑन.

क्बाल स्पीअन सिएम रीपहून 50 किलोमीटर, कुलेनच्या अंगाला. पास तोच चालतो. हॉस्टेलातल्या एका मुलीबरोबर टुकटुक वाटून घेतली. खालून दीड किलोमीटर जंगलातली चढण, मुळांवरून, दगडांवरून. पायवाट सोडायची नाही. वर छोटा ओहोळ, आणि त्या ओहोळाच्या तळाला शिवलिंगं कोरलेली, ओळीने, शेकड्यांनी, तळहाताएवढी. मधे मोठी शाळुंका. एका कातळावर शेषशायी विष्णू, पायाशी लक्ष्मी. 11 व्या शतकातलं काम. पाणी त्यांच्यावरून वाहत पवित्र होऊन खाली अंगकोरच्या शेतांना, तळ्यांना मिळावं म्हणून नदीच कोरली. पाणी कमी होतं तरी लिंगं थरथरल्यासारखी दिसत होती. ढग आला की पुसली जायची, ऊन आलं की परत उमटायची.

आणि तिथे मला कशेळी आठवली. कातळशिल्पं माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली शेकडो चित्रं आहेत. माणसं, मासे, वाघ, गेंडा, नुसत्या चौकटी. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. त्यातल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळी आमच्यापासून इतकी जवळ, की लहानपणी तिथल्या कनकादित्याच्या देवळात आम्ही दर वर्षी जायचो. हत्ती मी पाहिला नव्हता. चार हजार किलोमीटर जाऊन नदीच्या तळाला वाकून बघितलं, आणि घराशेजारच्या कातळावर कधी वाकले नव्हते. तिथेच ठरवलं, परत गेल्यावर पहिल्या रविवारी कशेळी.

आता बाफुऑन. 11 व्या शतकातलं भलंमोठं शिवाचं देऊळ, वाळूच्या भरावावर उभं, म्हणून ढासळत होतं. फ्रेंच अभ्यासकांनी 1960 च्या दशकात ते दगड-दगड उतरवून जंगलात मांडलं. सुमारे तीन लाख दगड, प्रत्येकाची नोंद. मग युद्ध आलं, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नोंदवह्या नष्ट झाल्या. 1995 मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा झाडीत तीन लाख दगड पडलेले आणि कुठला कुठे ते सांगणारा कागद नाही. 2011 मध्ये देऊळ पुरं झालं. मागच्या बाजूला आणखी एक गंमत आहे. 16 व्या शतकात भाविकांनी त्याच देवळाचे वरचे दगड काढून 70 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध रचला. जीर्णोद्धार करताना प्रश्न पडला असणार, बुद्ध मोडून शिखर पुरं करायचं का? त्यांनी बुद्ध ठेवला. शिखर नाही, बुद्ध आहे.

हे मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते देवळांबद्दल फारसं विचारत नाहीत, पण तीन लाख दगडांचं ऐकून ताठ बसले. म्हणाले, "नंबर नाही तर लावला कसा?" मी सांगितलं, चुना नसल्यामुळे प्रत्येक दगड शेजारच्या दगडाशी घासून बसवलेला, त्यामुळे एका दगडाला एकच जागा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खालच्या खाणीच्या टोकाला एक चित्र होतं."

बाकीचं आता लिहवत नाही. उद्या.

मिस्त्रीबुवा
बाय, सावकाश लिही. आम्ही थांबतो.

गुहागरआजी
मी आज तीनदा धागा उघडून बघितला.

कातळवाट
कशेळी झाली, उक्षी झाली, आणि दोन वर्षं मी आमच्याच खाणीकडे जायचं टाळत होते. धागा लिहायला घेतल्यावर वडील स्वतःच म्हणाले, चल. काल सकाळी सातला गेलो. त्यांनी केरसुणी घेतली, मी पाण्याची कळशी. ऊन तिरपं असताना जायचं आणि आधी कातळ झाडून पाणी टाकायचं, हे मला कशेळीला एका गाववाल्या काकांनी शिकवलं होतं. पाणी खाचेत थांबतं, भोवतालचा दगड लवकर सुकतो, आणि रेषा काळी होऊन वर येते.

मासा आहे. माझ्या छत्रीच्या मापाने तीन छत्र्या आणि वर थोडा. कल्ल्याची रेषा स्पष्ट, पोटात आडव्या चार रेघा. पाठीची रेषा छान वळत खाणीच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे संपते. खाली बारा फूट खड्डा, त्यात पावसाचं हिरवं पाणी. शेपूट नाही.

वडील म्हणाले, पोरं चित्र चित्र म्हणून ओरडली तेव्हा मशीन थांबवली, पण शेपटीकडचा भाग आदल्या दिवशीच निघाला होता. ते चिरे कुठे गेले, मी विचारलं. त्या वर्षी आमची पडवी बांधली, एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी पडवीची भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. गिलावा नाही, चिरे उघडेच आहेत. कोरलेली बाजू कुठे असलीच तर आत गेली असेल.

मिस्त्रीबुवा
बाहेरून नाही कळायचं. चिरा काढल्यावर चारी अंगं तासतात. तुझ्या वडिलांनी मशीन थांबवली हे लक्षात ठेव. त्या काळात कुणी थांबवत नव्हतं, मीही नाही. लांज्याच्या बाजूला एका सड्यावर आम्ही चिरे काढले, तिथे पांडवांची चित्रं होती असं म्हातारे सांगायचे. आम्ही ऐकून घेतलं आणि काम केलं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

ओणीकर
आत्ताही सडे चाललेच आहेत. कलमांच्या बागेसाठी जेसीबी लावतात, रस्त्याला खडी काढतात. तुमच्या खाणीची राहिलेली बाजू अजून तुमच्या नावावर आहे ना? मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात नोंद द्या. सोबत फोटो, मापं आणि जागेचा नकाशा. मी अर्ज लिहून देतो, ते काम मला येतं.

कातळवाट
सातबारावर वडिलांचं नाव आहे. त्यांना विचारलं, हो म्हणाले. शेजारच्या सड्याचे मालक मुंबईत असतात, त्यांनाही फोन करणार आहेत.

शिरोड्याचो
मापां घेवक माणसा लागतली. मी येतंय. आयतवार?

कातळवाट
या. रविवारी सकाळी सहाला आमच्याकडे चहा, साडेसहाला खाणीवर. उन्हाआधी पोचायला हवं. पांढरी दोरी, मीटरची टेप आणि दोन मोठ्या कळश्या लागतील. मिस्त्रीबुवा, तुम्हाला लांज्याहून आणायला गाडी पाठवते, कडेचा दगड सुटत चाललाय, तो कसा सावरायचा ते तुम्हीच सांगा.

मिस्त्रीबुवा
गाडी नको, एसटीने येतो. कडेला तूर्त कुणी उभं राहू नका. आणि पाणी हळू ओता.